मडकी कोणी घडविली? : नियती आणि पुरुषार्थ



व्यापारी घरांच्या बोलण्यात काही वाक्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत. वखारीतला माल भिजला, उधारी बुडाली, भागीदारी मोडली, की घरातील वडीलधारे म्हणतात, ‘नशिबात नव्हते.’ कुटुंबातले माणूस अकाली गेले, की भेटीला आलेले आप्त म्हणतात, ‘आयुष्य तेवढेच घेऊन आले होते.’ आणि दाराशी आलेल्या एखाद्या दुःखी जीवाकडे पाहून कधी कधी असेही ऐकू येते, ‘ज्याचे त्याचे कर्म.’

पहिल्या वाक्याने मनाला थोडा विसावा मिळतो. दुसऱ्याने शोक सहन होतो. तिसऱ्याने मात्र अंतःकरण कठोर होते. तिन्ही वाक्ये आपण धर्माच्या नावाने उच्चारतो. म्हणून एकदा शांतपणे पाहावे, की यांतील किती भाग जैन दर्शनाचा आहे आणि किती भाग त्या नियतिवादाचा, ज्याचा प्रतिवाद स्वतः भगवान महावीरांनी केला होता.

पोलासपूरचा व्यापारी

उपासकदशांग सूत्रात दहा श्रावकांच्या कथा आहेत. त्यांतील सातवी कथा सद्दालपुत्र कुंभाराची. कुंभार म्हटले म्हणून तो एखादा गरीब कारागीर होता असे समजू नये. पोलासपूर नगराबाहेर त्याची पाचशे दुकाने होती. तीन कोटी सुवर्णमुद्रांची संपत्ती त्याने तीन सारख्या भागांत ठेवली होती. एक भाग निधानात, एक व्याजात आणि एक घरप्रपंचाच्या विस्तारात. पदरी माणसे होती आणि दहा हजार गाईंचे गोकुळ होते. आपल्या समाजातील कोणत्याही मोठ्या पेढीच्या मालकाने त्याच्यात स्वतःचे प्रतिबिंब पाहावे असा हा गृहस्थ आजीवक संप्रदायाच्या गोशालकाचा अनुयायी होता. गोशालकाचे म्हणणे असे, की जे होणार ते ठरलेले आहे. उत्थान, कर्म, बल, वीर्य, पुरुषकार-पराक्रम यांपैकी कशानेही त्यात तिळभर फरक पडत नाही.

एके दिवशी सद्दालपुत्र ओली मडकी आतून आणून उन्हात ठेवीत होता. भगवंतांनी विचारले, ही मडकी कशी झाली? त्याने सरळ उत्तर दिले: आधी माती आणली, ती पाण्यात भिजविली, राख व शेण मिसळून मळली, चाकावर चढविली आणि मग ही भांडी झाली. भगवंतांनी पुढे विचारले, मग ही पुरुषार्थाने झाली की पुरुषार्थावाचून? येथे सद्दालपुत्राचा सिद्धांत आडवा आला. तो म्हणाला, पुरुषार्थावाचून. कारण सर्व भाव नियत आहेत.

तेव्हा भगवंतांनी शास्त्राधार काढला नाही. व्यवहारातला प्रश्न विचारला. उद्या एखाद्याने तुझी ही मडकी चोरली, फोडली, किंवा तुझी पत्नी अग्निमित्रा हिच्याशी कोणी दुर्वर्तन केले, तर तू काय करशील? सद्दालपुत्र उसळून म्हणाला, मी त्याला धरीन, बांधीन, मारीन. भगवंत म्हणाले, जर सर्व काही नियत आहे, तर कोणी चोरले नाही आणि कोणी फोडले नाही. मग दंड कोणाला आणि कशासाठी? आणि जर तू दंड करतोस, तर सर्व नियत आहे हे तुझे बोलणे मिथ्या ठरते.

सद्दालपुत्र त्या ठिकाणीच समजला. पुढे तो श्रावक झाला आणि गोशालक स्वतः त्याला परत वळवण्यास आला तरी ढळला नाही. या संवादाचे मर्म व्यापाऱ्याला चटकन कळावे असे आहे. मडकी आपण घडविली असे म्हणायला तो तयार नव्हता. पण मडकी फोडणाऱ्याला मात्र तो जबाबदार धरणार होता. स्वतःच्या कर्तृत्वाच्या वेळी नियती आणि दुसऱ्याच्या अपराधाच्या वेळी स्वातंत्र्य, असा दुहेरी हिशेब कोणत्याही वहीत जुळत नाही.

आपला हिशेब त्याच्या उलट असतो, पण तोही दुहेरीच. नफा झाला तर ‘माझी नजर, माझे धाडस’. तोटा झाला तर ‘नशीब’. जमेची बाजू पुरुषार्थाच्या खात्यावर आणि नावेची बाजू नियतीच्या खात्यावर. असा रोजमेळ एखाद्या गुमास्त्याने लिहिला तर आपण त्याला कामावर ठेवणार नाही.

गोशालकाच्या मताला त्या काळी समाजात मोठी मान्यता होती हेही ध्यानात घ्यावे. सम्राट अशोकाने आजीवकांना दान दिलेल्या बराबर टेकड्यांतील गुंफा आजही बिहारमध्ये उभ्या आहेत. पुढे तो संप्रदाय लोप पावला. त्याचा विचार मात्र आपल्या बोलण्यात राहून गेला आहे, आणि तो जैन वेष घालून राहिला आहे.

पाच कारणांचा समवाय

याचा अर्थ जैन दर्शन नियतीला मुळीच मानत नाही असा नाही. आचार्य सिद्धसेन दिवाकरांनी सन्मतितर्कात काल, स्वभाव, नियती, पूर्वकृत कर्म आणि पुरुषार्थ अशी पाच कारणे सांगितली. यांपैकी एकच खरे मानणे हे मिथ्यात्व आणि पाचांचा समवाय मानणे हे सम्यक्त्व, असा त्यांचा निवाडा आहे. अनेकांत केवळ वादसभेपुरता नसतो. कार्य कसे घडते हे पाहण्याचीही ती दृष्टी आहे.

आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरचेच उदाहरण घेऊ. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. पोफळ लावली की पहिल्या सुपारीसाठी काही वर्षे थांबावे लागते, हा काल. सुपारीच्या बीजातून पोफळच येते, आंबा येत नाही; हा स्वभाव. विशिष्ट दिवशी विशिष्ट किनाऱ्यावर वादळ येऊन धडकते, त्यावर कोणाची सत्ता चालत नाही; ही नियती. ती वाडी कोणाच्या वाट्यास आली, तिचे फळ कोणाच्या भोगास आले, यामागे पूर्वकृत. आणि रोज शिंपण करणारा, आळे राखणारा, वादळानंतर पुन्हा रोप लावणारा जो हात आहे, तो पुरुषार्थ. या पाचांपैकी चार आपल्या हाती नाहीत आणि पाचवा केवळ आपल्याच हाती आहे. साहजिकच साधकाचे लक्ष पाचव्यावर हवे.

17 जुलै 1947

आता त्याच किनाऱ्यावरील एक दारुण घटना स्मरावी. स्वातंत्र्य महिन्याभरावर आले होते. आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई आणि अलिबागकडे जाण्याचा सोपा मार्ग समुद्राचाच होता. आषाढ संपत आला होता. गुरुवार, 17 जुलै 1947 रोजी सकाळी ‘रामदास’ ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. बोटीत सातशेच्या आसपास माणसे होती. सणासाठी गावी निघालेले चाकरमानी, कुटुंबे, छोटे व्यापारी. वाटेत वादळी पावसाने आणि मोठ्या लाटांनी बोटीला गाठले. बोट एका बाजूस कलली, घाबरलेले प्रवासी एका अंगाला धावले, आणि काश्याच्या खडकाजवळ ती उलटली. सहाशेहून अधिक जीव गेले. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. मुंबईला वार्ता कळेपर्यंत कित्येक तास उलटले होते.

अशा घटनेनंतर दोन प्रकारच्या कथा घरोघर सांगितल्या जातात. कोणाची बोट थोडक्यात चुकली आणि तो वाचला; कोणी आयत्या वेळी धावत येऊन चढला आणि गेला. ऐकणारा म्हणतो, ‘ज्याचे भरले होते तो गेला.’ शोकाकुल घरात हे वाक्य कोणी उच्चारले, तर त्याच्याशी वाद घालू नये. ज्या आईचा मुलगा परत आला नाही, तिला तर्क नको असतो. पण शोक ओसरल्यावर, घराबाहेर, तोच निष्कर्ष अंतिम मानला तर मोठा अनर्थ होतो. मग बिनतारी यंत्र का नव्हते हा प्रश्न उरत नाही. पावसाळी समुद्राचा अंदाज कोणी घ्यायचा हा प्रश्न उरत नाही. सहाशे जीवांचा हिशेब ‘नियती’ या एका शब्दात मिटतो.

शास्त्र काय म्हणते? तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटच्या सूत्रात आयुष्याचा विचार आला आहे. देव व नारकी, त्याच भवात मोक्षाला जाणारे चरमशरीरी, उत्तम पुरुष आणि असंख्यात वर्षांचे आयुष्य असणारे जीव, एवढ्यांचेच आयुष्य अनपवर्त्य, म्हणजे बाह्य निमित्ताने न घटणारे असते. तुमच्या-आमच्यासारख्या सामान्य मनुष्यांचे आयुष्य विष, शस्त्र, अग्नी, जल अशा निमित्तांनी अकाली आटोपू शकते. ओले वस्त्र घडी करून ठेवले तर वाळायला वेळ लागतो आणि पसरून टाकले तर लवकर वाळते. पाणी तेवढेच, काळ मात्र बदलतो. आयुष्यकर्माचे दलिक तसेच निमित्त मिळताच त्वरेने भोगले जाते.

म्हणजे ‘आयुष्य तेवढेच होते’ हे वाक्य सरसकट शास्त्रसंमत नाही. निमित्ताला जैन दर्शनात स्थान आहे. आणि निमित्ताला स्थान आहे म्हणूनच निमित्त टाळण्याचे कर्तव्यही आहे. वाट पाहून पाऊल टाकण्याची ईर्यासमिती, गाळलेले पाणी, वस्तू उचलता-ठेवतानाची जयणा या सर्वांचा पायाच हा आहे. प्रत्येक जीवाच्या मृत्यूचा क्षण अचल असता, तर जयणेला अर्थच राहिला नसता.

त्या दिवसाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रेवसचे कोळी आपल्या होड्यांत मासळी भरून मुंबईकडे निघाले होते. बुडणारी माणसे दिसताच त्यांनी माल समुद्रात टाकून होड्या रिकाम्या केल्या आणि अनेकांना पाण्यातून वर ओढले. त्यांच्या व्यवसायाविषयी आपली धर्मदृष्टी वेगळी आहे, आणि ती लपविण्याचे कारण नाही. परंतु व्यापाऱ्याने एक गोष्ट नीट पाहावी: बाजाराच्या वेळी, भरल्या होडीतला दिवसाचा माल त्यांनी क्षणात सोडला. ‘यांचे आयुष्य संपले असेल तर आपण काय करणार’ असा विचार त्यांनी केला असता, तर वाचलेल्यांची संख्या आणखी कमी असती. बुडणाऱ्याचे आयुष्य किती उरले आहे हे होडीतल्या माणसाला ठाऊक नसते. त्याला एवढेच ठाऊक असते, की आपला हात त्याच्यापर्यंत पोहोचतो.

त्र्याहत्तर वर्षांनी याच किनाऱ्यावर दुसरे वादळ आले. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात जमिनीवर आले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, घरांची छपरे उडविली, अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. परंतु हवामान खात्याने आधीच इशारा दिला होता, मच्छीमारांना समुद्रातून परत बोलावले होते, किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना सुरक्षित स्थळी हलविले होते. करोनाच्या टाळेबंदीतही हे काम झाले. संपूर्ण राज्यात मृतांची संख्या बोटांवर मोजता येईल इतकीच राहिली.

वादळ नियत होते असे हवे तर म्हणा. वाड्यांची हानी टळली नाही. पण माणसांचे मरण टळले, आणि ते पुरुषार्थाने टळले.

दोन कठीण आक्षेप

येथे एखादा अभ्यासू वाचक विचारील: पुरुषार्थ तरी स्वतंत्र कुठे आहे? वीर्यांतराय कर्माचा उदय असेल तर उद्यम करण्याची शक्तीच होत नाही. म्हणजे प्रयत्न करावासा वाटणे हेही कर्माधीनच झाले.

आक्षेप खरा आहे आणि त्याला आपल्या शास्त्राने उत्तर दिले आहे. जीव केवळ कर्माच्या उदयाने, म्हणजे औदयिक भावानेच घडलेला नाही. क्षायोपशमिक भावही त्याच्यात सदैव असतो. निगोदातल्या जीवाच्या ज्ञानाचाही अनंतावा भाग उघडाच राहतो. तोही झाकला गेला तर जीव आणि अजीव यांत भेद उरणार नाही, असे आगम सांगतात. आभाळ कितीही भरून आले तरी दिवस आणि रात्र यांतला फरक कळावा इतका उजेड राहतोच. त्या उरलेल्या उजेडात जे करता येते, तोच आपला पुरुषार्थ. तो अमर्याद नाही, पण शून्यही नाही.

शिवाय बांधलेले कर्मही दगडावरची रेघ नव्हे. परंपरेत सुयांचा दृष्टांत दिला जातो. सुयांचा नुसता ढीग हात लावताच विस्कटतो. दोऱ्याने बांधलेल्या सुया सोडवायला थोडे श्रम पडतात. गंजून एकमेकींना चिकटलेल्यांना अधिक. तापवून, घणाने ठोकून ज्यांचा एकच गोळा केला, त्या मात्र वेगळ्या होत नाहीत. यांना अनुक्रमे स्पृष्ट, बद्ध, निधत्त आणि निकाचित म्हणतात. निकाचित कर्म भोगावे लागते. इतरांत अपवर्तना, संक्रमण, उदीरणा, उपशम यांना वाव आहे. म्हणजे स्थिती कमी होऊ शकते, प्रकृती पालटू शकते, फळ लवकर ओढून आणता येते, उदय शांत ठेवता येतो. हे शक्य नसते तर निर्जरा हे तत्त्व नवतत्त्वांत कशाला आले असते? आणि कोणते कर्म निकाचित आहे हे आपल्याला आधी कळत नाही. म्हणून प्रयत्न करून पाहिल्यावाचून ‘निकाचितच होते’ असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म. केवलज्ञानी तिन्ही काळ जाणतात. जे ते जाणतात ते तसेच घडणार. मग भविष्य ठरलेलेच नाही का? आपल्याच समाजात विसाव्या शतकात या प्रश्नाची मोठी चर्चा झाली. सोनगडच्या कानजीस्वामींनी क्रमबद्ध पर्यायाचा सिद्धांत आग्रहाने मांडला. त्यावर विद्वानांत तीव्र मतभेद झाले आणि ते आजही आहेत. त्या वादाचा निकाल या पानावर लागणार नाही. परंतु दोन्ही पक्षांना मान्य व्हावी अशी एक गोष्ट आहे. ज्ञान हे कारण नव्हे. खतावणीत व्यवहार नोंदलेला असतो, पण खतावणी व्यवहार करीत नाही. केवलींच्या ज्ञानात माझे फळ असेल, तर ते फळ ज्या पुरुषार्थाने येणार आहे तो पुरुषार्थही त्यात असणारच. ते पान मला वाचता येत नाही. न वाचलेल्या पानाचा आधार घेऊन आज हातावर हात ठेवून बसणे हा भक्तीचा मार्ग नव्हे; तो प्रमाद आहे.

आधुनिक विज्ञानानेही हा प्रश्न हाताळला आहे. अमेरिकेतील शास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले, की माणसाला ‘आता मनगट हलवावे’ अशी इच्छा जाणवण्याच्या सुमारे तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत तयारीची हालचाल सुरू झालेली असते. यावरून अनेकांनी स्वातंत्र्य हा भ्रम आहे असा निष्कर्ष काढला. लिबेट यांनी स्वतः तो काढला नाही. इच्छा जाणवल्यापासून कृती होईपर्यंत जो अल्प अवधी उरतो, त्यात माणूस ती कृती थांबवू शकतो, असे त्यांचे मत होते. त्यांच्या प्रयोगाच्या अर्थावर आजही वाद चालू आहे. परंतु श्रावकाला हा विचार अपरिचित वाटू नये. वृत्ती उठते ती उदयाने. तिला थोपविणे हा संवर. क्रोध येणे आपल्या हाती नसेलही. क्रोधाने भरलेला शब्द ओठांवरून खाली उतरविणे हाती आहे.

दुकानात आणि घरात

आता पुन्हा आरंभीच्या तीन वाक्यांकडे येऊ.

‘नशिबात नव्हते’ हे म्हणावे, पण हिशेब पूर्ण तपासल्यावर. उधारी किती दिली, कोणाच्या भरवशावर दिली, पावसाळ्यापूर्वी वखारीचे पत्रे पाहिले होते का, विमा उतरविला होता का, या प्रश्नांची उत्तरे झाल्यावर जे उरते ते पूर्वकृताच्या खात्यावर टाकावे आणि समभावाने झोपावे. आणि हाच नियम नफ्यालाही लावावा. नफ्यात काल, बाजार, पूर्वजांची पुण्याई आणि हाताखालच्या माणसांचे श्रम यांचा वाटा किती, हे ज्याने मोजले त्याचा हात दानासाठी आपोआप मोकळा होतो.

मुलामुलींच्या बाबतीत तर ही काळजी अधिक घ्यावी. पत्रिका पाहून ‘याच्या नशिबी शिक्षण नाही’, ‘हिच्या भाग्यात व्यापार नाही’ असे घरातून एकदा उच्चारले गेले, की ते लेकरू त्या शब्दांना नियती मानून जगते. आपणच बोललेले वाक्य आपणच पुढे भविष्य म्हणून ओळखतो. ज्ञानावरणीय कर्माचा उपाय अभ्यास आहे, ज्ञानाची व ज्ञानसाधनांची आशातना टाळणे आहे. शिक्का मारणे नव्हे.

‘आयुष्य तेवढेच होते’ हे शोकाच्या घरी सांत्वनापुरते ठेवावे. रुग्णालयात नेण्यास उशीर करणाऱ्याने, गाडी बेफाम हाकणाऱ्याने, गोदामातल्या कामगाराला आडोशाविना उंचावर चढविणाऱ्याने ते वाक्य उच्चारू नये. तेथे ते सांत्वन राहत नाही, सबब होते.

आणि ‘ज्याचे त्याचे कर्म’ हे वाक्य दुसऱ्याविषयी कधीच बोलू नये. कर्मसिद्धांत हा आरसा आहे. तो स्वतःसमोर धरायचा असतो. स्वतःच्या दुःखात ‘माझेच कर्म’ म्हटले तर द्वेष शमतो. दुसऱ्याच्या दुःखात ‘त्याचे कर्म’ म्हटले तर करुणा आटते. सम्यक्त्वाच्या पाच लक्षणांत शम, संवेग, निर्वेद यांच्यासोबत अनुकंपा सांगितली आहे. दुःख पाहून ज्याला अनुकंपा होत नाही, त्याने कर्मग्रंथ कितीही वाचले असले तरी त्याचे पहिले पाऊल अजून पडायचे आहे. बुडणारा त्याच्या कर्माने बुडत असेल; पण होडी वळवावी की नाही, हे माझे कर्म आहे, आणि ते मी आत्ता बांधतो आहे.

चातुर्मासाचे दिवस आहेत. या चार महिन्यांत आपण लहान-मोठे नियम घेऊ: कोणी रात्रिभोजनाचा त्याग, कोणी कंदमुळाचा, कोणी रोज एक सामायिक. पचक्खाण घेताना आपण हात जोडून जे म्हणतो, त्याचा अर्थच असा, की उद्या मी कसा वागेन हे अजून ठरलेले नाही आणि ते ठरविण्याचा काही अधिकार माझ्याकडे आहे. सर्व नियत असते तर पचक्खाण हा शब्द पोकळ ठरला असता, प्रतिक्रमणात मागे वळून पाहण्यासारखे काही उरले नसते आणि संवत्सरीला क्षमा मागण्याचेही प्रयोजन नसते. जो चुकला त्याला चुकायचेच होते. मग क्षमा कशाची?

सद्दालपुत्राने त्या दिवशी मडक्यांकडे पाहिले आणि ती आपल्या हातांनी घडविली हे मान्य केले. त्याची संपत्ती तीच राहिली, दुकाने तीच राहिली. बदलला तो फक्त हिशेब. आपणही यंदाच्या चातुर्मासात एवढे करावे. रात्री दुकानाचा गल्ला मोजून झाला, की दिवसातली एक गोष्ट मनाशी काढावी आणि विचारावे, यात माझा हात किती होता? जेवढा होता तेवढा प्रामाणिकपणे आपल्या नावे लिहावा. उरलेल्याची चिंता सोडून द्यावी.